चुन्याचा ठिपका

सारजा हाक्केच्या पाठीत आता तीनशे अकरा चेंडू उरले आहेत, ही बातमी खुद्द सारजाच्या आधी मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर पोचली.

"तीनशे अकरा?" बंडा पाटोळेनं बशी खाली ठेवली. "परवा आठशे होते की!"

"परवाचं परवा." गुरवअण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "आज सकाळी लीगनं ड्राफ्टची, संघांनी खेळाडू निवडायची, यादी टाकलीय. नाव, वय, वेग, शिल्लक. सारजा हाक्के, मिरज. एकोणीस. एकशे बावीस. आणि शिल्लक तीनशे अकरा. बघा तुमच्या डोळ्यांनी."

गुरवअण्णा एसटीतून निवृत्त झालेले. हातात कधी चेंडू धरला नाही, पण देशातल्या झाडून सगळ्या वेगवान गोलंदाजांच्या शिलका त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी बाकावर बोटानं आकडेमोड सुरू केली. "सामन्यात चोवीस चेंडू. साखळीत चौदा सामने. झाले तीनशे छत्तीस. वरनं सराव. म्हणजे पोरगी साखळीसुद्धा पुरी करत नाही. पहिल्या फेरीत कोण हात लावंल तिला? मी संघमालक असतो तर चौथ्या फेरीत घेतली असती, आणि नुसती शेवटची दोन षटकं टाकून घेतली असती. तीनशे संपले, की नमस्कार."

"अण्णा, माणूस हाय ती. लिंबू न्हवं."

"मी थोडंच पिळतोय? मी आपला डावपेच सांगतोय." अण्णा रंगात आले. "खरी चूक कोचिंगची. पुण्यात लेव्हल थ्रीवाले लोक हायत. कुठला पाय किती अंशात पडला, सगळं मोजतात. हिला शिकवलं कुणी? ज्याच्याकडं लेव्हल वनचासुद्धा कागद—"

बंडानं त्यांना कोपरखळी मारली. मागच्या बाकावर नजीर मास्तर बसले होते. नेहमीसारखे, कोपऱ्यात, कुणाला दिसू नये अशा बेतानं.

"म्हणजे मास्तर, तुमाला न्हाई म्हणत," अण्णा गडबडले.

"मलाच म्हणताय," मास्तर हळूच म्हणाले. "आणि खरंच आहे ते."

"काय खरं हाय?" बंडा उसळला. "मला मास्तरांनी बाविसाव्या वर्षी थांबवलं. आज बावन्न वर्षांचा हाय, सिमेंटचं पोतं एका हिसक्यात उचलतो. ही बगा पाठ!" आणि त्यानं खरोखरच सदरा वर केला.

अण्णांनी त्या रुंद पाठीकडं चष्म्यातून पाहिलं. "बंडा, एक विचारू? थांबलास म्हणून पाठ शाबूत राहिली, का पाठ शाबूतच होती आणि तुला उगाच थांबवलं?"

त्यांना नुसती फिरकी घ्यायची होती. पण बंडाचा सदरा हातातच राहिला. मास्तरांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि डावा पाय ओढत मैदानाकडं निघून गेले.

ड्राफ्टला आठ दिवस उरले होते.

*

नजीर शिकलगारांचं घराणं तंबोरे बनवणाऱ्यांचं. पाच-सहा वर्षांचे असल्यापासून त्यांचं काम एकच होतं. वाळलेले कडू भोपळे आले, की एकेक मांडीवर घ्यायचा आणि अनामिकेच्या पेरानं दोनदा वाजवायचा. टक, टक. चांगला भोपळा भरून बोलतो. आत केसाएवढी चीर असली, तर आवाजाची कड किंचित दबते. ज्याचा संशय आला त्याला चुन्याचं बोट लावायचं आणि तो माळ्यावर टाकायचा. तो भोपळा फोडून, आत खरंच चीर होती का, हे कुणी कधी पाहत नसे. तशी पद्धतच नव्हती. कान सांगेल ते खरं.

लहानपणच्या तापात डावा पाय अधू झाला, तेव्हा क्रिकेट फक्त कानांनी खेळायचं उरलं. मास्तर क्लबात मॅटिंग अंथरायला जाऊ लागले. तिथं त्यांच्या ध्यानात आलं, की वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजमध्ये आपटतो तो आवाजही भोपळ्यासारखाच असतो. काहींचा भरलेला, काहींचा दबका. त्यांनी मॅटिंगखाली सागाची एक फळी पुरली, तिला सतारीला लावतात तो आवाज टिपणारा पिकअप चिकटवला, आणि आवाज कॅसेटवर भरायला लागले. पुढं फोन आले, तेव्हा फोनवर. शेजारी वही. तारीख, नाव, किती चेंडू.

पहिल्याच वर्षी विलास आवटी नावाच्या मुलाचा पाय दबका वाजला. तीन आठवडे वाजत होता. मास्तर स्वभावानं भिडस्त. मोठे मोठे प्रशिक्षक उभे असताना मॅटिंग अंथरणाऱ्यानं काय बोलायचं? ते गप्प राहिले. चौथ्या आठवड्यात विलास चेंडू टाकता टाकता खाली बसला तो उठलाच नाही. आज तो इचलकरंजीत चष्म्याचं दुकान चालवतो आणि बसायच्या आधी खुर्चीचा हात धरतो.

त्यानंतर मास्तरांनी गप्प राहणं सोडलं. एकतीस वर्षांत ज्याचा ज्याचा आवाज दबका वाटला, त्याच्या नावापुढं वहीत पांढऱ्या रंगाचा एक ठिपका पडला. ठिपका पडला, की सरावाच्या जाळ्यात मुलाची वेगवान गोलंदाजी बंद. असे एकशे त्रेचाळीस ठिपके होते.

सहा वर्षांपूर्वी पुण्याहून डॉक्टर ओक आल्या. नीलिमा ओक, शरीराच्या आवाजांवर संशोधन करणाऱ्या. कारखान्यातल्या भोपळ्यांच्या मध्ये बसून त्यांनी समजावून सांगितलं होतं. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा त्याच्या वजनाच्या सहा-सात पट भार एका क्षणात वर चढतो. त्याच क्षणी कंबर वाकलेली आणि पिळलेली असते. मणक्यांना मागून धरणारी हाडाची एक बारीक कमान तो भार सोसते. प्रत्येक चेंडूला तिच्यात डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. विश्रांती मिळाली तर शरीर ते बुजवतं, नाही मिळाली तर एके दिवशी कमान तुटते. मात्र तुटण्याच्या कितीतरी दिवस आधी शरीराला ते उमगलेलं असतं. माणसाला कळत नसताना शरीर पाय सांभाळून टाकायला लागतं, आणि आवाज बदलतो.

"हा बदल यंत्राला शिकवता येईल," त्या म्हणाल्या होत्या. "पण शिकवायला हजारो तासांचे आवाज हवेत, आणि प्रत्येकाचं पुढं काय झालं तेही हवं. जगात कुणाकडे नाहीत, मास्तर. तुमच्याकडे आहेत."

मास्तरांना 'जगात' हा शब्द पेलवला नव्हता. मग त्या बाईंनी एक तक्ता पुढं केला. नाव, शेवटचा चेंडू, थांबण्याचं कारण. वरच्या बाजूला प्रशिक्षकाच्या पात्रतेचा रकाना होता. तो मास्तरांनी कोरा सोडला तेव्हा त्यांचे कान तापले होते. पहिली ओळ विलासची. कारण, दुखापत. ते खरंच होतं. दुसऱ्या ओळीशी पेन थबकलं. इथं काय लिहायचं? 'मला वाटलं म्हणून'? समोर एवढी शिकलेली बाई बसलेली. मास्तरांनी लिहिलं, दुखापत. तिसऱ्या ओळीत, दुखापत. चौथ्या ओळीपासून हात आपोआप चालला.

तो तक्ता दिल्यावर वहीत नवा ठिपका पडला नाही. त्यातून 'कानोसा' जन्माला आला. बुटाच्या टाचेत बसणारी रुपयाएवढी चकती. पुढच्या पायाचे पंचवीस-तीस आवाज ऐकले, की हे शरीर तुटण्याआधी आणखी किती चेंडू टाकेल ते सांगते. तीन वर्षांत ती देशभर झाली. लीगनं नियम केला, की शिल्लक शून्य झालेल्यानं पुढं चेंडू टाकायचा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या नियमानंतर एकाही गोलंदाजाची पाठ मोडली नव्हती.

*

दुपारी चारला सारजा जाळ्यात आली. बेडगहून सायकलनं आली होती, पण धाप लागलेली नव्हती. उंच, काटक पोरगी. गेल्या महिन्यात हिनं पोलीस भरतीची मैदानी चाचणी सोडून दिली होती, कारण त्याच दिवशी लीगचं शिबिर होतं. घरात त्यावरून अजून कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं.

"मास्तर, बगितली यादी?"

"बघितली."

"मग तोंड का पाडलंय तुमी? पाठ माजी हाय." ती हसली, पण हसू गालांपर्यंतच पोचलं.

तिनं सहा चेंडू टाकले. मास्तर सवयीप्रमाणे तिच्या मागं, जाळ्याच्या खांबाला टेकून डोळे मिटून उभे होते. पहिले दोन भरून वाजले. पुढचे जरा मऊ पडले. तिनं फोन काढून पाहिला.

"दोनशे बाहत्तर," ती म्हणाली. "सहा टाकले आणि एकोणचाळीस गेले. हा कसला हिशेब?"

मास्तर खाली, तिच्या टाचेकडं बघत होते.

"एक सांगू? हसू नका." तिनं चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आकडा पडायच्या आधी मला कळतंय. मागं कुणीतरी येऊन उभं राहतंय."

"मागं मी असतो, पोरी."

"तुमी न्हवं. तुमी नसताना पण. शिबिरात पण. धावत येते, पाय टाकणार तेवढ्यात वाटतंय, की आलं. वळून बगावं तर रिकामं. आमी सातजणी होतो शिबिरात, त्यातल्या चौघींना वाटतंय. ती हरयाणाची एवढी दांडगी पोरगी, ती रडली रात्री जेवताना."

"कोण येतं?"

"म्हातारं माणूस असावं."

"कशावरून?"

सारजानं जरा आठवून पाहिलं. मग मैदानाच्या मातीवर ती स्वतःच चालून दाखवू लागली. उजवं पाऊल टाकलं. डावं ओढलं. उजवं टाकलं. डावं ओढलं. "असं," ती म्हणाली. "टाचेत जाणवतंय."

आणि मग ती थांबली. मास्तर तिच्या पावलांकडं पाहत होते, आणि ती मास्तरांच्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी कारखान्यातली लोखंडी ट्रंक उघडली. कॅसेटवर बंडाचं नाव होतं आणि तीस वर्षांपूर्वीची तारीख. त्यांनी ती टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

धाड. बंडाचा पाय. भरलेला, मस्त. धाड. धाड. मास्तरांना आठवलं, कसला बैल होता हा! मग मध्येच, दूरवर, फळीच्या पार टोकाला काहीतरी सरकलं. मास्तरांनी आवाज वाढवला. चप्पल. उजवी टेकली, डावी घासत आली. तीसेक वर्षांपूर्वीचे ते स्वतः, काही तरी दबकं ऐकल्याच्या भ्रमानं, जवळ येऊन नीट ऐकायला निघालेले. पावलं जवळ आली. थांबली. आणि फळीवर अनामिकेच्या पेराचे दोन ठोके पडले. टक, टक. ती सवय आपल्याला मैदानातही होती, हे मास्तरांना आजवर माहीत नव्हतं.

पुढच्या चेंडूला बंडाचा पाय दबका वाजला.

त्यांनी दुसरी कॅसेट लावली. तिसरी. सातवी. प्रत्येक कॅसेटवर हीच गोष्ट. आधी भरलेले आवाज. मग घासत येणारी चप्पल. मग दोन ठोके. आणि त्यानंतर दबका पाय. मुलांना ठिपक्याची कल्पना होती. मास्तर जवळ आले म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भीतीनं मुलंच अंग चोरत होती.

फोन केल्यावर संध्याकाळपर्यंत डॉक्टर ओक मिरजेत हजर झाल्या. केस आता पांढरे झाले होते. मास्तरांचं ऐकता ऐकता त्यांनी लॅपटॉप उघडला.

"यंत्राला उलटं विचारता येतं," त्या सावकाश म्हणाल्या. "की तुझ्या मते तुटण्याचा सगळ्यात पक्का आवाज कोणता? तो तू स्वतः तयार करून वाजवून दाखव. आम्ही दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. जो आवाज निघाला तो आम्हाला ओळखता आला नाही. आम्हाला वाटलं, हाडावर हाड घासत असेल. पूर्वसूचना म्हणून तोच आम्ही चकतीत भरला. शिल्लक कमी होऊ लागली, की टाचेत हलकासा थरथरतो."

त्यांनी कळ दाबली.

कारखान्यात टांगलेले भोपळे, उघड्या खुंट्या, अर्धवट चढवलेल्या तारा. त्या सगळ्यांतून तो आवाज फिरला. टेकलेलं पाऊल. घासलेलं पाऊल. टेकलेलं पाऊल. घासलेलं पाऊल. आणि दोन ठोके. एका तंबोऱ्याची मोकळी तार आपोआप गुणगुणली आणि थांबली.

मास्तर उठले. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, आणि दाराच्या चौकटीवर बोटाचं पेर दोनदा आपटलं.

डॉक्टर ओकांनी लॅपटॉपच्या पडद्याकडं पाहिलं, मग त्यांच्या चपलांकडं.

"हाड यंत्रानं ऐकलंच नाही," त्या म्हणाल्या. "त्यानं फक्त भीती ऐकली. थांबवलं जाण्याची भीती. आणि आम्ही तीच टाचेत घालून देशभर वाटली. भ्यायलं की पाय दबका पडतो, दबका पडला की आकडा उतरतो, आकडा उतरला की टाच थरथरते, आणि मग आणखी भीती." त्यांनी मान वर केली. "पण मास्तर, तुम्ही दुखापत लिहिलं होतंत. एकशे चव्वेचाळीस वेळा."

"एक खरी होती."

"बाकीच्या?"

"बाकीच्यांना मी थांबवलं. ते मोडले असते का, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. फोडून बघायची पद्धत नव्हती."

"मग दुखापत का लिहिलंत?"

मास्तरांनी चौकटीवरून हात काढला. "तुम्ही समोर बसला होतात. 'मला वाटलं' असं लिहायची लाज वाटली."

बाई रागावतील, असं त्यांना वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी लॅपटॉप मिटला. "माझं सगळं आयुष्य त्या रकान्यावर उभं आहे," त्या म्हणाल्या. "उद्या मी चकती बनवणाऱ्या कंपनीला सांगते. पण ते विचारतील, पुरावा काय? एक म्हातारा माणूस, प्रमाणपत्र नसलेला, सहा वर्षांनी म्हणतो की मी खोटं लिहिलं. शून्यानंतर चेंडू टाकून दाखवलेला एक तरी गोलंदाज हवा. आणि तसा कुणी नाही. नियमच आहे."

*

मास्तरांनी सारजाला सगळं सांगितलं ते मैदानाच्या पायऱ्यांवर बसून, तिच्याकडं न बघता. तिनं मध्येच थांबवलं नाही.

"म्हणजे ते यंत्र," ती शेवटी म्हणाली, "तुमाला घाबरतंय. आणि पोलीस भरती गेली माजी."

"हो."

"आणि बंडाकाकाला पण तुमी उगाच—"

"माहीत नाही, पोरी. तेच तर."

सारजा उठून दोन पायऱ्या खाली गेली आणि परत वर आली. "मी टाकते शून्यापुढं. त्या बाईंना बोलवा. लीगचा माणूस पण बोलवा."

"आणि खरंच मोडली तर? माझा कान कधीतरी बरोबरही असेल. विलासच्या वेळी होता."

"मोडली तर तुमच्या वहीत एक तरी खरा ठिपका पडंल," ती म्हणाली आणि सायकल घेऊन गेली.

मास्तर तिथंच बसून राहिले. हे तिला करू द्यायचं की नाही, हे आपण ठरवायचं, असं ते स्वतःला सांगत होते. मग लक्षात आलं, की ठरवून ती गेलीसुद्धा.

*

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला, जाळ्याभोवती सारजा सोडून पाचच माणसं होती. डॉक्टर ओक मांडीवर लॅपटॉप घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. लीगचा निरीक्षक, गॉगल लावलेला एक मितभाषी तरुण, हाताची घडी घालून उभा होता. गुरवअण्णा मोजायला आले होते. आणि बंडा पाटोळे पॅड बांधून फलंदाजीला उभा होता, डोक्यावर न बसणारं हेल्मेट नुसतं ठेवून.

"बंडा, पडंल ते," अण्णा ओरडले.

"चेंडू लागला तर पडंल. मी लागू देतोय होय?"

पाचवे मास्तर. सवयीनं पाय खांबाकडं, गोलंदाजाच्या मागं वळले होते. अर्ध्या वाटेत ते थांबले. मग तसेच पाय ओढत बावीस यार्ड चालून पलीकडं गेले आणि बंडाच्या यष्ट्यांमागं, जाळ्याबाहेर, सारजाच्या बरोबर समोर उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही गोलंदाजाचा चेहरा येताना पाहिला नव्हता.

"शिल्लक एकेचाळीस," डॉक्टर ओक म्हणाल्या.

पहिला चेंडू. छत्तीस. दुसरा. एकोणतीस. तिसऱ्याला बंडाची बॅट हवेतच राहिली. "लई फास्ट हाय गं!" बावीस. आकडा पाच-पाच, सात-सात उतरत होता, आणि प्रत्येक वेळी सारजाचा पाय आणखी मऊ पडत होता. सातव्या चेंडूनंतर बाईंचा आवाज कोरडा झाला. "शून्य."

निरीक्षकानं घड्याळ पाहिलं. सारजा धाव घ्यायच्या खुणेवर उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आला," ती म्हणाली. "टाच थरथरायची थांबंना झालीय. मागंच हाय."

"सारजा!" मास्तरांचा आवाज इतका मोठा निघेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. "मी इथं आहे. समोर. मला बघून टाक."

तिनं पाहिलं. त्यांच्यावर नजर ठेवून ती धावली, आणि पाय आपटला. धाड.

शून्य. पुन्हा धाड. शून्य. अण्णा मोठ्यानं मोजत होते, नऊ, दहा, अकरा, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही, की ते उभे राहिले आहेत. बाराव्या चेंडूला बंडाचा मधला स्टंप उडाला आणि हेल्मेटही. तो स्वतःच टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हसण्याचं नव्हतं. त्यानं एकदा मास्तरांकडं वळून पाहिलं. मास्तरांनी नजर खाली घातली नाही.

"अठरा," डॉक्टर ओक म्हणाल्या.

"काय अठरा?" निरीक्षकानं विचारलं.

"शिल्लक. वर चाललीय." त्या उभ्या राहिल्या. "चौऱ्याण्णव. दोनशे दहा. तिला भीती वाटत नाही म्हणून वर चाललीय. या आकड्याला काही अर्थ नाही, साहेब. कधीच नव्हता." त्यांनी फोन काढला. "उद्याच्या यादीतून शिल्लक हा रकाना काढायला सांगते मी. सगळ्यांचा."

निरीक्षकानं गॉगल काढला आणि वहीत काहीतरी लिहिलं. अण्णा कुजबुजले, "पहिल्या फेरीचं पान हाय ते. मी बगितलं."

सारजा आणखी टाकत होती. तिला आता कुणी थांबवणारं नव्हतं. अठरा, एकोणीस, वीस.

एकविसावा चेंडू.

आवाजाची कड किंचित दबली.

बाकी कुणाला काही जाणवलं नाही. यंत्राचा आकडा वरच चालला होता. मास्तरांच्या मानेवरचे केस उभे राहिले. खरंच दबकी होती? की दमलेला पाय? की एकतीस वर्षांची सवय? यंत्राला हाडाचं काही कळत नव्हतं, हे सिद्ध झालं होतं. मास्तरांच्या कानाला कळतं का, हे सिद्ध व्हायचं राहिलं होतं. आता सांगायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यांची अनामिका जाळ्याच्या खांबाकडं वर गेली होती. ती कधी गेली, ते त्यांना कळलं नव्हतं.

त्यांनी बोट मुठीत घेतलं.

"सारजा," त्यांनी हाक मारली. "कसं वाटतंय?"

विलासला त्यांनी हे विचारलं नव्हतं. बंडाला नव्हतं. एकशे त्रेचाळीस जणांपैकी एकालाही नव्हतं. भोपळ्याला विचारायची पद्धत नव्हती.

ती थांबली. प्रश्न तिला नवाच होता. तिनं कमरेवर हात ठेवला, डावीकडं वाकली, उजवीकडं वाकली, आतून काही सांगतंय का ते खरोखर ऐकलं.

"दमलेय," ती म्हणाली. "दुखत न्हाई कुठं. दुखलं तर सांगीन की मी."

"आणि टाच?"

"गप्प हाय." ती हसली. मग तिचं हसू हळूहळू विझलं. ती मास्तरांच्या खांद्यावरून पलीकडं बघत होती, मोकळ्या मैदानाकडं, जिथं उन्हाशिवाय काही नव्हतं.

"मास्तर," ती हलक्या आवाजात म्हणाली, "माज्या मागनं गेला तो. तुमच्या मागं उभा हाय."

गवतावर काहीतरी घासत आल्यासारखं झालं आणि त्यांच्या पाठीशी येऊन थांबलं. मास्तर वळले नाहीत. दोन ठोक्यांची वाट पाहत ते क्षणभर तसेच उभे राहिले.

"असू दे," ते म्हणाले. "तू टाक."